लाइट घेताना शरीरात काय होते?



आमच्या चाळीतल्या एक मावशी छातीच्या कर्करोगासाठी 'लाइट' घेत आहेत. एकूण २५ वेळा घ्यायची. दहा झाल्यावर कुणीतरी कानात सांगितले की, हे किरण माणसाला आतून भाजून काढतात. मावशी घाबरल्या. दोन दिवस गेल्याच नाहीत.

आता भाजण्याचा हिशेब बघा. एका वेळी साधारण २ ग्रे मात्रा देतात. १ ग्रे म्हणजे एका किलोमागे १ ज्यूल ऊर्जा. तेवढ्याने त्या भागाचे तापमान अंशाच्या हजाराव्या भागाइतकेही वाढत नाही. चहाचा एक घोट त्याहून गरम!

मग पेशी मरते कशाने? किरण पेशीतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवतो. कॅरमच्या स्ट्रायकरसारखा तो पुढच्या सोंगट्यांना धक्के देत जातो. पेशीत बहुतेक पाणीच. पाण्याचा रेणू फुटला की हायड्रॉक्सिल नावाचा उपद्व्यापी तुकडा सुटतो आणि डीएनएच्या दोरीला जाऊन भिडतो. दोरी दोन पदरी. एक पदर तुटला तर दुसऱ्याच्या आधाराने पेशी तो सांधते. दोन्ही पदर जवळजवळ तुटले की मात्र कठीण. १ ग्रेला एका पेशीत एकेरी तुटी सुमारे हजार, दुहेरी तीस-चाळीसच; पण पेशी मरते ती मुख्यतः या दुहेरी तुटींनी.

हे सारे निमिषात घडते, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञ ते संगणकात घडवून पाहतात. इलेक्ट्रॉन कुठे वळेल, कुणाला धडकेल, किती शक्ती गमावेल, यासाठी संगणक पावलोपावली जणू फासे टाकतो. ही युक्ती १९४६ साली आजारपणात पत्ते खेळताना स्टॅनिस्लॉ उलाम यांना सुचली. जिनिव्हाच्या 'सर्न' संस्थेशी जोडलेल्या 'जिआन्ट-४' या प्रोग्रामची डीएनएसाठी वेगळी शाखा आहे. तिची सुरुवात युरोपीय अंतराळ संस्थेच्या पुढाकाराने, अंतराळवीरांच्या काळजीपोटी झाली. आज ती कुणालाही फुकट वापरता येते. २००० साली कॅनडात लिओन सांश यांच्या गटाने दाखवले की, अगदी मंदावलेला इलेक्ट्रॉनही डीएनए तोडतो. तेव्हा इलेक्ट्रॉन थकला म्हणून हिशेब अर्धवट सोडता येत नाही.

मावशींनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मास्तर, भाजत नाही म्हणता, मग माझी कातडी काळी का पडली?"

प्रश्न बरोबर होता. कातडीच्या पेशी सतत नव्या होत असतात, त्यामुळे त्यांनाही मार बसतो. ती साल निघाली, आग झाली तर डॉक्टरांनाच दाखवावी, मनाने मलम लावू नये. मात्रा २५ वेळा वाटून देतात त्याचे कारणही हेच : मधल्या वेळात चांगल्या पेशी आपल्या तुटी सांधून घेतात, रोगट पेशींना ते तितके जमत नाही. पण खाडे झाले तर उरलेल्या रोगट पेशींना वाढायला सवड मिळते.

सोमवारी मावशी गेल्या. बुडालेले दोन दिवस त्यांनी डॉक्टरांना स्वतःहून सांगितले.