सर्व्हर डाऊन म्हणण्याआधी

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. आपण अजून जिवंत आहोत हे पेन्शनरला दरवर्षी याच महिन्यात सिद्ध करावे लागते. तो हयातीचा दाखला देण्यासाठी मी मुरबाडच्या एका संगणक केंद्रात बसलो होतो. माझ्या पुढे टोकावड्याकडून एसटीने आलेले एक आजोबा होते. प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद. भात झोडून घरात पडलेले. आधारभूत किमतीला विकायचे तर नोंदणी हवी आणि नोंदणीला सातबारा हवा. केंद्रातल्या पोराने पडद्यावरून नजर काढत सांगितले, "बाबा, सर्व्हर डाऊन आहे. उद्या या."

"परवा बी हेच बोललास रे पोरा," म्हणत आजोबा गुमान उठले. उठण्याची सवय झालेला माणूस जसा उठतो, तसे.

मी त्यांना बसवून घेतले आणि माझ्या मोबाइलवर तेच संकेतस्थळ उघडून पाहिले. ते उघडले! म्हणजे सर्व्हर ठणठणीत होता. मग पोराच्या संगणकावर दुसरे संकेतस्थळ उघडायला सांगितले, तर तिथेही तीच लाल सूचना. पडद्याच्या कोपऱ्यात पाहिले आणि उलगडा झाला. तिथली तारीख कित्येक वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीची होती. संगणकाच्या पोटात घड्याळ चालवणारा बटनाएवढा सेल असतो. तो संपला होता. रात्री वीज गेली आणि घड्याळ मागे जाऊन बसले. आता ब्राउझर प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे ओळखपत्र मागतो आणि त्याची मुदत तपासतो. तारीखच मागची म्हटल्यावर ते ओळखपत्र त्याला भविष्यातले वाटणार. आम्ही बँकवाले पुढच्या तारखेचा चेक वटवत नसू, त्यातलाच हा प्रकार. तारीख दुरुस्त केली आणि पाच मिनिटांत सातबारा आजोबांच्या हातात पडला.

मी संगणकतज्ज्ञ नाही. उमेदीची बरीच वर्षे शहापूर-मुरबाड भागातल्या शाखांत लेजरे जुळवण्यात गेली. तेव्हा संध्याकाळी ताळा जुळला नाही तर कोणी "बँक डाऊन" म्हणत नसे. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर कोणीतरी ५४ चे ४५ लिहिले असावे असे समजून शोधायचे. फरकाच्या निम्मी रक्कम वहीत सापडली, तर जमेची नोंद नावे पडली असण्याचा संभव. चूक कुठे नाही हे एकेक करून ठरवत गेले की ती जिथे आहे तिथे सापडते.

ब्राउझर अडला तरी रीत हीच. दुसरे संकेतस्थळ उघडते का? उघडत नसेल तर दोष लाइनचा किंवा आपल्या यंत्राचा. तेच पान मोबाइलवर उघडते का? उघडत असेल तर सर्व्हरला बोल लावू नये. खासगी खिडकीत उघडून पाहावे. तिथे नीट चालले, तर जुना साठा किंवा ब्राउझरला चिकटवलेली एखादी उपरी सोय आड येते आहे. या साठ्याला 'कॅश' म्हणतात. नातवाने पहिल्यांदा "आजोबा, कॅश साफ करा" म्हटले, तेव्हा माझ्यातला बँक अधिकारी दचकला होता! एका वेळी वीस-पंचवीस पाने उघडी असतील तर मिटावीत, कारण प्रत्येक पान स्मरणशक्तीचा तुकडा अडवून बसते. ब्राउझर जुना असेल तर अद्ययावत करावा. हे सगळे झाल्यावर मग खुशाल सर्व्हर डाऊन म्हणावे.

कधी कधी तो खरोखरच डाऊन असतो. २०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइनच भरायचे होते. तेव्हा केंद्रांपुढे लागलेल्या रांगा शेतकरी विसरलेले नाहीत. कधी संकेतस्थळ बांधणाऱ्यांचीच चूक असते. एकाच ब्राउझरला धरून बांधलेली कितीतरी कार्यालयीन पाने होती. तो इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला आणि त्या पानांची पंचाईत झाली. त्या पोरालाही मी दोष देत नाही. कागद निघाला तर त्याला चार पैसे, न निघाला तर काहीच नाही. त्याला शिकवले कोणी?

माझा आक्षेप वेगळाच आहे. बँक चेक परत करते तेव्हा कारण लिहिलेली चिठ्ठी सोबत देते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. त्यात अर्जाची पोच आहे, मुदत आहे, नकाराचे लेखी कारण आहे, अपील आहे. पण ही सारी गाडी अर्ज दाखल झाल्यावर सुरू होते. 'सर्व्हर डाऊन'मध्ये अर्ज दाखलच होत नाही. ना पोच, ना नकार, ना अपील. आजोबांची खेप, बुडालेला रोज आणि एसटीचे भाडे कुठल्याच वहीत चढत नाही.

शहापूरकरांना हे नवे नाही. भातसा, तानसा, मोडकसागरचे पाणी त्यांच्या तालुक्यातून मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात त्यांच्याच पाड्यांवर टँकर येतो. विचारावे तर उत्तर एकच, "वरून बंद आहे." वर म्हणजे कुठे, हे कोणी सांगत नाही. ऑप्टिकल फायबर गावापर्यंत आणूनही हेच उत्तर मिळणार असेल, तर आपण फक्त उत्तर देणारा बदलला.

म्हणून दोनच मागण्या. प्रत्येक केंद्रात वर सांगितलेल्या चार-पाच तपासण्या मराठीत लिहून लावाव्यात. आणि त्या करूनही काम झाले नाही, तर तारीख, वेळ आणि कारण लिहिलेली चिठ्ठी माणसाच्या हाती द्यावी, म्हणजे तिसऱ्या खेपेला त्याच्याकडे दोन पुरावे असतील.

मी केंद्रातून निघालो तेव्हा ते पोर सेल आणायला बाजारात चालले होते. त्या सेलची किंमत आजोबांच्या एका खेपेच्या भाड्याहून फार नसावी.