‘सकाळी बघितलंस तरी चालेल’

झोप येत नाही म्हटलं की सल्ले सुरू. हळददूध घे, तळपायाला तूप लावून काशाची वाटी घास, दहानंतर मोबाइल लांब ठेव. मी सगळं केलं. तुपाने चादर खराब झाली, एवढंच.

कारण मी मोबाइल लांब ठेवला तरी मॅनेजर ठेवत नाही. रात्री पावणेबाराला ग्रुपवर मेसेज: ‘सकाळी बघितलंस तरी चालेल.’ मग सकाळीच पाठव ना, बाबा! कॉर्टिसॉल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं, पहाटे वाढत जाऊन आपल्याला उठायला तयार करतं. ताण आला की ते भलत्या वेळी चढतं. छाती धडधडते, अंग दक्ष होतं. शरीराला काय माहीत, वाघ नाही, एक्सेल शीट आलीय!

वर कंपनीच ‘स्लीप हायजीन’वर वेबिनार घेते. रात्री साडेआठला. जणू मीच अस्वच्छ झोपतो.

फ्रान्समध्ये २०१७पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८मध्ये तसंच खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. त्याचा कायदा झाला नाही, आणि आपणही कुठे ओरडलो?

झोपण्याआधी उद्याची कामं कागदावर उतरवली की डोकं जरा हलकं होतं, हे मी नाकारत नाही. पण तो कागद रोज लांबतोय, आणि त्यावरची निम्मी कामं रात्री दहानंतर आलेली आहेत. तुम्हीही आत्ता कुणाला तरी ‘सकाळी बघ’ लिहीत असाल, तर पाठवू नका.