विश्लेषण : ‘आवडलं तर स्कॅन करा’... चाहत्यांच्या पैशावर कलाकार उभा राहू शकतो का?

गाणे संपते, पडद्यावर क्यूआर कोड येतो आणि खाली एक ओळ दिसते : ‘आवडलं असेल तर जमेल तेवढा हातभार लावा.’ इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर वावरणाऱ्यांना हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. कुणी पन्नास रुपये पाठवतो, कुणी नुसता हार्ट टाकतो, तर कुणी ‘ही ऑनलाइन भीक झाली’ असे लिहून पुढे सरकतो. मोठी कंपनी, निर्माता किंवा प्रायोजक पाठीशी नसलेल्या कलाकाराने चाहत्यांकडे पैसे मागणे म्हणजे नेमके काय? दान, मोबदला, की आणखी काही? भिवंडीतल्या निजामपुऱ्यासारख्या यंत्रमागाच्या वस्तीतून पाहिले, तर या प्रश्नाचे बरेच पदर उलगडतात.

निजामपुऱ्यातल्या कलाकाराला चाहत्यांकडे का वळावे लागते?

निजामपूर हे नाव थेट महापालिकेच्या नावात आहे : भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सात लाखांहून अधिक होती. मागांच्या खडखडाटात जगणाऱ्या या शहरात उर्दू, हिंदी, मराठी आणि तेलुगू अशा अनेक भाषा बोलल्या जातात. आसपासच्या गावांत आगरी-कोळी हळदीची गाणी आहेत, शहरात मुशायरा आणि कव्वालीचे श्रोते आहेत आणि नव्या पिढीच्या हातात रॅप आहे. थोडक्यात, गाणारे आणि ऐकणारे दोन्ही भरपूर आहेत. अडते ते या दोघांमधल्या पैशाच्या वाटेवर.

समजा, इथला एखादा तरुण स्वतःची गाणी यूट्यूबवर टाकतो. जाहिरातींचा पैसा सुरू व्हायला त्याला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तासांचा ‘वॉच टाइम’ लागतो, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सला एक कोटी व्ह्यूज. तो टप्पा ओलांडल्यावर नेहमीच्या व्हिडिओवरील जाहिरात उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा त्याला मिळतो, शॉर्ट्ससाठी ४५ टक्के. त्याने गाजलेल्या गाण्याची चाल वापरली असेल, तर यूट्यूबची यंत्रणा ती ओळखते आणि जाहिरातीचा पैसा संगीत कंपनीकडे वळू शकतो. हळदीच्या मांडवात ज्या गाण्यावर सगळे नाचतात, त्याच गाण्यातून गाणाऱ्याच्या हाती काहीच न येणे असे शक्य होते.

तिकीटबारी गेली, मग पैसा कुठून येणार?

यंत्रमागाच्या दुसऱ्या एका शहराचे उदाहरण इथे उपयोगी पडते. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट अगदी तुटपुंज्या पैशात बनवला. कलाकार गावातले, त्यांत माग चालवणारेही. पुढे या मंडळींवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट झाला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत आला.

त्या चित्रपटांचे अर्थकारण साधे होते. गावातल्या माणसांनी बनवलेला सिनेमा गावातलीच माणसे तिकीट काढून पाहत. तिकिटाचा पैसा हा चाहत्याचाच पैसा होता. फरक इतकाच की तो मागावा लागत नसे, दारात तिकीटबारी होती. आज तोच प्रेक्षक तोच विनोद मोबाइलवर फुकट पाहतो. बारी गेली, पण कॅमेरा, संपादन, भाडे आणि कलाकाराचे पोट हे खर्च राहिलेच. क्यूआर कोड ही त्या गेलेल्या तिकीटबारीची जागा भरण्याची धडपड आहे. म्हणून तिला सरसकट भीक म्हणणे चुकीचे ठरते.

आपल्याकडे हे आधी नव्हते का?

होते, आणि एका नव्हे तर दोन प्रकारे. पहिला प्रकार तमाशाच्या संगीतबारीतला. लावणी रंगात आली की रसिक पैसे देतो, फर्माईश करतो आणि त्याच्या नावाचा पुकारा होतो. याला दौलतजादा म्हणतात. मिळालेल्या रकमेत थिएटर मालकाचाही वाटा असतो. यूट्यूबच्या ‘सुपर चॅट’शी हे ताडून पाहावे : पैसे देणाऱ्याचे नाव आणि संदेश रंगीत पट्टीत झळकतो, कलाकार लाइव्हमध्ये त्याचे नाव घेऊन आभार मानतो आणि मंच पुरवणारी कंपनी आपला हिस्सा ठेवते. तंत्र नवे असले तरी व्यवहाराचा सांगाडा ओळखीचा आहे.

दौलतजादाचा एक धोकाही या जुन्या अनुभवात दडलेला आहे. पैसे देणाऱ्याला हळूहळू वाटू लागते की कलाकारावर आपला हक्क आहे. मग फर्माईशीची जबरदस्ती होते. सोशल मीडियावर हेच ‘मी पैसे दिलेत, माझ्या मेसेजला उत्तर का नाही?’ या भाषेत येते. स्त्री कलाकारांना याचा त्रास अधिक होतो.

दुसरा प्रकार वर्गणीचा. जयंती, उरूस, जत्रा किंवा गणेशोत्सव असला की वस्ती वर्गणी काढते, त्या पैशातून शाहीर, कव्वाल किंवा गायन पार्टी बोलावते आणि ठरलेली बिदागी देते. इथे कलाकार कुणा एकाचा मिंधा होत नाही, कारण पैसा सगळ्यांचा असतो. पण वर्गणी कार्यक्रमापुरती असते. कार्यक्रम नसेल तर पैसा नाही. २०२० च्या टाळेबंदीत जत्रांचा हंगाम बुडाला, तेव्हा तमाशा फडांवरील शेकडो कलाकारांना याची झळ बसली.

दोन रुपयांत सिनेमा कसा उभा राहिला?

चाहत्यांच्या लहान रकमांतून मोठे काम होऊ शकते, याचा भारतातला गाजलेला दाखला म्हणजे श्याम बेनेगल यांचा १९७६ चा ‘मंथन’. गुजरातच्या दूध सहकारी संघातील पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाख रुपये उभे राहिले. पटकथेशी विजय तेंडुलकर यांचे नाव जोडलेले आहे, पडद्यावर स्मिता पाटील होत्या. चित्रपट लागल्यावर हेच शेतकरी ट्रक भरभरून तो पाहायला आले. पुढे १९८७ मध्ये बेनेगल यांनी विणकरांच्या जगण्यावर ‘सुस्मन’ केला, त्याला हातमाग क्षेत्रातील संस्थांचे पाठबळ होते.

या यशामागे केवळ भावना नव्हती. पैसा गोळा करणारी विश्वासाची संस्था आधीपासून गावागावांत होती. रक्कम कुणालाही जड जाणार नाही इतकी लहान होती. आणि विषय देणाऱ्यांच्या जगण्याचा होता. आज एकट्या कलाकाराकडे फॉलोअर असतात, पण अशी संस्था नसते. निजामपुऱ्यातल्या गायकाची खरी अडचण हीच आहे : ऐकणारे हजारो, पण त्यांना बांधून ठेवणारे काही नाही.

शंभर रुपयांतले कलाकारापर्यंत किती पोहोचतात?

मार्ग कोणता, यावर ते अवलंबून आहे. यूट्यूबच्या मेंबरशिप आणि सुपर चॅटमध्ये कर वगैरे वजा करून उरलेल्या रकमेचा ७० टक्के वाटा कलाकाराला मिळतो. म्हणजे २०० चाहत्यांनी महिन्याला ५० रुपये दिले तर जमा होतात १०,००० रुपये, पण कर बाजूला ठेवला तरी हाती येतात जेमतेम ७,०००.

यूपीआयने थेट पाठवलेले शंभर रुपये मात्र पूर्ण पोहोचतात. जानेवारी २०२० पासून यूपीआय व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेतले जात नाही. मग सगळे कलाकार यूपीआयच का वापरत नाहीत? कारण तिथे नियमितपणा नाही. आज दिले, उद्या विसरले. दरमहा आपोआप पैसे जाणारी ‘ऑटोपे’ सोय २०२० मध्ये आली, पण त्यासाठी व्यक्तीचा साधा क्यूआर पुरत नाही, व्यापारी खाते आणि पेमेंट गेटवे लागतो.

पॅट्रिऑनसारख्या परदेशी मंचांची कल्पनाच दरमहा वर्गणीवर उभी आहे. पण १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले आणि कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी पूर्वसूचना व ग्राहकाची मंजुरी आवश्यक झाली. ग्राहकाच्या सुरक्षेसाठी हे योग्यच होते. मात्र या व्यवस्थेत न बसलेल्या परदेशी सेवांचे भारतीय कार्डांवरील नियमित व्यवहार अडकले.

थेट खात्यात पैसे घेताना काय सांभाळावे?

पहिली गोष्ट खासगीपणाची. अनेकांच्या यूपीआय आयडीत मोबाइल नंबरच असतो. तो व्हिडिओत झळकला की हजारो अनोळखी लोकांच्या हाती जातो. एक रुपया पाठवून त्यासोबत अश्लील संदेश धाडणारे महाभागही असतात. म्हणून नंबर नसलेला वेगळा आयडी आणि वेगळे खाते ठेवणे शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट खाते गोठण्याची. एखाद्या अनोळखी माणसाने पाठवलेली रक्कम सायबर फसवणुकीतली निघाली, तर तपासादरम्यान ती ज्या खात्यात आली त्यावर बंधने येऊ शकतात. घरखर्चाचे आणि चाहत्यांच्या पैशाचे खाते एकच असेल, तर रेशन भरायचेही वांधे होतात.

तिसरी गोष्ट कराची. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटींची रक्कम एकूण ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर पूर्ण रक्कम करपात्र ठरते. शिवाय कलेच्या बदल्यात नियमित येणारा पैसा ‘भेट’ म्हणून दाखवणे अवघड असते, तो व्यवसायाचे उत्पन्न मानला जाऊ शकतो. हिशेबाची साधी वही पहिल्या दिवसापासून ठेवणे म्हणूनच गरजेचे.

‘मदत’ आणि ‘पाठबळ’ यांत फरक काय?

तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, त्यांच्या नावावर लोकांनी अलोट गर्दी केली. तरीही शेवटच्या काळात त्यांना आर्थिक ओढाताण सोसावी लागली. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा रुग्णालयाचे बिल देणगीदारांच्या पैशातून भागवावे लागले. लोकांचे प्रेम खोटे नव्हते, ते उशिरा आणि एकदाच पैशाच्या रूपात आले. संकट आल्यावर केलेली ती मदत. कलाकार काम करत असताना थोडे-थोडे आणि नियमित दिलेले ते पाठबळ.

अमेरिकी लेखक केव्हिन केली यांनी २००८ मध्ये ‘एक हजार सच्चे चाहते’ ही कल्पना मांडली : लाखो प्रेक्षक नसले तरी चालेल, वर्षभरात ठरावीक रक्कम खर्च करणारे हजार निष्ठावान पुरेत. हिशेब आकर्षक आहे. पण तो डॉलरच्या अर्थव्यवस्थेतला आहे. ज्या वस्तीत श्रोताच मागावर बारा-बारा तास राबतो, तिथे तो जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे ‘मंथन’चा हिशेब जवळचा : रक्कम लहान, देणारे जास्त.

पैसे आले की जबाबदारीही येते. अमेरिकी गायिका अमांडा पामर यांनी २०१२ मध्ये किकस्टार्टरवर सुमारे २५ हजार चाहत्यांकडून जवळपास १२ लाख डॉलर उभे केले. त्यानंतर कार्यक्रमांत स्थानिक वादकांना विनामोबदला साथीला बोलावल्याबद्दल त्यांच्यावर टीकेची झोड उठली आणि अखेर त्यांनी मानधन देण्याचे मान्य केले. चाहत्यांचा प्रश्न सरळ होता : आम्ही कलाकाराला दिले, तर कलाकाराने कलाकाराला का देऊ नये?

मग चाहत्याने काय पाहावे?

स्कॅन करण्याआधी तीन गोष्टी तपासता येतात. पैसे कशासाठी हवेत हे स्पष्ट सांगितले आहे का : नवे गाणे, माइक, की घरखर्च? घरखर्चासाठी मागण्यातही गैर काही नाही, फक्त ते तसे सांगितलेले असावे. क्यूआर खरोखर त्याच कलाकाराच्या अधिकृत पानावरचा आहे का, कारण गाजलेल्या नावांची बनावट खाती सर्रास असतात. आणि आधी जमलेल्या पैशाचे काय झाले, याची एखादी तरी पोस्ट आहे का?

चाहत्यांनी पैसे दिले म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. राज्यात ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने मानधन योजना आहे आणि २०२४ मध्ये हे मानधन महिना ५,००० रुपये करण्यात आले. पण ही उतारवयातली सोय झाली. पंचविशीतल्या रॅपरला किंवा हळदीच्या गायिकेला लागतो तालमीचा हॉल, परवडणारा स्टुडिओ आणि वेळेवर मिळणारी बिदागी. चाहत्यांचे पन्नास रुपये ही कमतरता भरून काढू शकत नाहीत, ते कलाकाराला तोवर तग धरायला मदत करतात. आणि ज्याच्याकडे तेही द्यायला नाहीत, त्याने गाणे कापून स्वतःच्या पेजवर टाकण्याऐवजी मूळ लिंक शेअर केली, तरी कलाकाराचे व्ह्यूज आणि त्यासोबतचा पैसा त्याच्याच खात्यात राहतो.