शेम, शरम आणि लाज

अरेरा कॉलनीत राहणाऱ्या आम्हा मराठी मुलांकडे एकाच भावनेसाठी तीन शब्द आहेत. घरात आजी 'लाज' म्हणते, १० नंबर मार्केटमध्ये 'शर्म' ऐकू येते आणि मोबाइलवर 'शेम'. शब्दकोशात तिन्हींचा अर्थ जवळजवळ सारखाच मिळेल. वापरात मात्र मोठा फरक आहे आणि तो लक्षात ठेवायला हवा, असं मला वाटतं.

आधी उगम पाहू. 'शेम' आणि 'शरम' कानाला भावंडं वाटतात, पण त्यांचं नातं नाही. 'शरम' फारसीतून आली, 'लाज' संस्कृत 'लज्जा'मधून. 'शेम' म्हणजे जुन्या इंग्रजीतला 'स्कामू'. त्याच्या मुळाशी 'झाकणे' हा अर्थ असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. इथे उत्पत्तीच्या पुस्तकातले आदाम आणि हव्वा आठवतात. फळ खाल्ल्यावर ते अंजिराची पानं शिवून अंग झाकतात. त्यांना कुणी 'शेम शेम' म्हटलं नव्हतं. लाज आतूनच आली होती.

मराठीचं वळणही असंच आहे. लाज आपल्याला 'वाटते'. नवी नवरी लाजते, लाजाळूचं पान मिटतं. त्यात अपराध कुठेच नाही. 'लाजवणे' आपल्याकडेही आहे, पण 'तरुणांना लाजवेल असा उत्साह' म्हणताना आपण कुणाचा अपमान करत नाही. इंग्रजीत मात्र 'शेम' क्रियापद होऊन थेट दुसऱ्यावर चालून जातं. त्यातूनच 'बॉडी शेमिंग' आलं. हा शब्द आपल्याला मिळाला, हे बरंच झालं. कुणाच्या जाडीवर, रंगावर ग्रुपमध्ये हसण्याला आधी आपण 'गंमत' म्हणायचो.

पण लाज नेमकी कुणाच्या वाट्याला येते, हे भोपाळइतकं कुणाला ठाऊक असणार? २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून गॅस सुटला आणि हजारो माणसं मेली. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ७ जून २०१० ला सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि लगेच जामीनही मिळाला. कंपनीचे प्रमुख वॉरन अँडरसन इथल्या खटल्याला कधीच सामोरे न जाता २०१४ मध्ये वारले. आणि लाज कुणी सोसली? गॅसपीडित वस्त्यांतल्या मुलींनी. त्यांना मुलं होतील का, या शंकेने त्यांची लग्नं अडली. ज्यांनी काहीच केलं नव्हतं, त्यांनाच मान खाली घालावी लागली.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. कुणाला 'शेम' लिहिण्याआधी एवढंच बघा: समोरच्याने काही केलंय, की तो फक्त तसा आहे? केलेल्या गोष्टीची लाज जरूर विचारा, आणि समोरचा जितका मोठा तितकी मोठ्याने विचारा. पण असण्याची लाज कुणाला वाटायला लावू नका. बसमध्ये आईचा फोन आला की आवाज दाबून मराठी बोलणाऱ्या आपल्या मित्रमैत्रिणींनाही हे सांगायला हवं.