दोरी ताणायची किती?

अम्मींना उन्हाळ्यात गच्चीवर पडायला आवडते. म्हणून या सुट्टीत आम्ही घडीचे लोखंडी स्टँड आणि कापडी झोळीचा झोका आणला. सोबतची दोरी एका बाजूला आखूड पडली. घरात कपडे वाळत घालायची प्लॅस्टिकची दोरी होती. तिचा तुकडा जोडला, नेहमीची निरगाठ मारली, गच्च ओढून पाहिली. अस्रनंतर अम्मी टेकल्या आणि पाच मिनिटांत गाठ सरकून खाली आल्या. झोका जेमतेम दीड फुटावर होता, खाली चटई होती, म्हणून मुक्या मारावर निभावले. "बी.एड. झालंय, आणि गाठ मारता येत नाही?" एवढेच त्या म्हणाल्या. शाळेत स्काउटचे तास आम्हीच घेतो, त्यामुळे ते जास्त झोंबले.

चूक निरगाठीची होती. काथ्याच्या किंवा सुती दोरीचे तंतू एकमेकांना धरून ठेवतात. नायलॉन आणि प्लॅस्टिकची दोरी गुळगुळीत. तिच्यात हीच गाठ भार आला की हळूहळू सरकते. ती गाठोडे बांधायला ठीक, माणूस तोलायला नाही. त्यातून आमच्या दोन दोऱ्या वेगळ्या जाडीच्या, आणि प्लॅस्टिकची तर वर्षभर उन्हात तापून कमजोर झालेली.

माणूस बसणार असेल तर दोरी अखंडच घ्यावी, कारण कुठल्याही गाठीने तिची ताकद बरीच घटते. जोडणे भागच असेल तर सारख्या जाडीच्या, सारख्या जातीच्या दोऱ्या जोडाव्यात. दोन्ही टोके समोरासमोरून आणून हातभर शेजारी ठेवायची. पहिले टोक मागे वळवून त्याने दोन्ही दोऱ्यांना मिळून दोन वेढे घ्यायचे आणि ते त्याच वेढ्यांच्या आतून बाहेर काढायचे. दुसऱ्या टोकाने उलट बाजूने तेच. मग दोन्ही दोऱ्या ओढल्या की दोन गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतात. याला डबल फिशरमन म्हणतात. शेपूट जाडीच्या दसपट तरी ठेवावे, 10 मिलिमीटरच्या दोरीला 10 सेंटिमीटर. टोक मेणबत्तीवर वितळवून घेतले की पीळ उसवत नाही.

आमची दुसरी चूक मात्र गाठीपेक्षा मोठी होती. झोका लोंबू नये म्हणून आम्ही दोरी तारेसारखी ताणली होती. घट्ट म्हणजे भक्कम, असे वाटते ना? हिशेब उलटा आहे. 60 किलोचा माणूस बसल्यावर दोन्ही दोऱ्या आडव्या रेषेशी 30 अंशांत उतरल्या, तर प्रत्येकीवर सुमारे 60 किलोचा ताण येतो. त्याच 10 अंशांत राहिल्या, तर सुमारे 173 किलोचा! तो ताण गाठ सोडवतो आणि स्टँडच्या आकड्यांना आत खेचतो. कोनमापक नको, दोन फूट दोरीला एक फूट उतार मिळाला की 30 अंश झाले. झोळी लोंबली तरी चालेल, खाली टेकली नाही म्हणजे झाले. टेकत असेल तर आकडा वर घ्यावा, दोरी ताणू नये.

आता नवी नायलॉनची अखंड दोरी बांधली आहे. नायलॉन भाराने लांबते, भिजले की आणखी, म्हणून काल रात्री 25 किलोच्या तांदळाच्या तीन गोण्या झोळीत ठेवल्या. सकाळी झोका चार बोटे खाली आला होता. तेवढा वर घेतला. अम्मी अजून बसलेल्या नाहीत. आणखी एक रात्र तांदूळच झोपू दे, म्हणतात.