आभाळातून निसरपुर

आकाशकंदील टांगायचा उंच, पण उजेड हवा अंगणात. पवारांच्या धार-देवास संस्थानांमुळे मराठी दिवाळी माळव्यातही पोचली. म्हणूनच यंदा दिवा लावताना धार जिल्ह्यातलं, निसरपुरचं एक अंगण डोळ्यांपुढे येतं. उंचावरच्या उपग्रहांनाही हाच अंगणाचा प्रश्न विचारायचा आहे.

7 सप्टेंबर 2015 रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनात अवकाश तंत्रज्ञानाची राष्ट्रीय परिषद भरली. शेती, पाणी, रस्ते, आपत्ती अशा रोजच्या कारभारात उपग्रह कसे वापरायचे, यावर शास्त्रज्ञ आणि सरकारी अधिकारी एकत्र बसले. त्याच मालिकेतली पुढची परिषद 22 ऑगस्ट 2025 रोजी भारत मंडपममध्ये झाली. या दोन परिषदांच्या मधल्या काळात, सप्टेंबर 2019 मध्ये, नर्मदेवरचं सरदार सरोवर धरण पहिल्यांदाच 138.68 मीटरपर्यंत भरलं आणि कुक्षी तहसिलीतल्या निसरपुरची जुनी वस्ती पाण्याखाली गेली.

असं बुडीत उपग्रहाला स्वच्छ दिसतं. पाणी अवरक्त किरणं शोषून घेतं, म्हणून त्या किरणांच्या चित्रात ते काळं उमटतं. जुनं चित्र नव्याशेजारी ठेवलं की किती जमीन गेली, याचा हिशेब निघतो. पण दुकानाचा ओटा, बाजाराची गर्दी, पिढ्यांचा शेजार त्या काळ्या डागात शोधून सापडत नाही. कुणाचं घर बुडितात धरलं आणि कुणाचं राहिलं, हे भांडण तर चित्रात येतच नाही. आपल्या नंदुरबारच्या मणिबेली गावानं याच धरणाचं बुडीत पंचवीसेक वर्षं आधी भोगलं.

दोष उपग्रहाचा नाही. दूरसंवेदनातल्या मंडळींची स्वतःची एक शिस्त आहे: चित्रावर भिस्त ठेवण्याआधी जागेवर जाऊन खातरजमा करायची. तिला ते ‘ग्राउंड ट्रुथ’ म्हणतात. शेतात गहू आहे की हरभरा, याचा शेवटचा निवाडा बांधावर होतो. हीच शिस्त माणसांच्या बाबतीतही पाळा, एवढंच आमचं मागणं. पुढच्या परिषदेत निसरपुरच्या आणि मणिबेलीच्या माणसाला नुसतं बोलावू नका, बोलू द्या. पाणी कुठवर चढलं ते नकाशा सांगेल. उंबरा कुठे होता ते त्या माणसालाच विचारावं लागेल.

आमच्या या दिवाळी अंकाचंही तसंच आहे. टेबलावर बसून जुळवलेल्या या पानांची खातरजमा तुमच्या ओसरीवर व्हायची. चुकलं तर कान धरा.