मनीप्लांट हा अळूचाच भाऊबंद

आमच्या कळंबोलीत सिडकोच्या घरांमधली मनीप्लांट नसलेली ग्रिल शोधायची म्हटलं तर बरंच फिरावं लागेल. अलीकडे त्याच घरांतून कुत्रीही आली आहेत. या दोघांचं एका घरात जमतं का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "अहो, झाडच ते! नैसर्गिक. त्याने काय होतंय?"

या 'नैसर्गिक' शब्दाचा मला भारी राग आहे. कण्हेर नैसर्गिकच, धोतराही नैसर्गिकच.

मनीप्लांट हा अळू-सुरणाच्या कुळातला. याच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. अळू नीट शिजलं नाही की घसा कसा खवखवतो हे मी मराठी माणसाला सांगायला नको. म्हणून तर आपण फतफत्यात चिंच घालतो. पिल्लाला कोण चिंच घालून देणार? ते कच्चंच पान चावतं. मग लाळ गळते, पंजाने तोंड घासत बसतं, ओकतं, गिळता येत नाही. सहसा जीव जात नाही, हे खरं. पण अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिसंस्थेच्या यादीत मनीप्लांट कुत्र्यामांजरांना विषारी म्हणूनच नोंदलेला आहे. "मरत नाही ना, मग झालं तर," असं एक गृहस्थ मला म्हणाले. त्यांना अळूचं कच्चं पान चावायला द्यावं असं मनात आलं. असो.

दुसरा युक्तिवाद हवा शुद्ध होण्याचा. नासाचा तो १९८९चा प्रयोग बंद पेटीतला होता. २०१९ साली ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी असे बरेच प्रयोग पुन्हा तपासले. घरात हवा खेळती असते, तिच्याइतका परिणाम साधायचा तर चौरस मीटरमागे दहा ते हजार झाडं लागतील, असा त्यांचा हिशेब. वन रूम किचनमध्ये कुंड्या ठेवल्या तर माणसांनी गच्चीवर झोपायचं!

पण माझं खरं भांडण नर्सरीवाल्यांशी आहे. अरेका पाम आणि सागो पाम शेजारी शेजारी मांडतात. अरेका कुत्र्याला निर्धोक. सागो मुळात पामच नाही, तो सायकस. त्याचा प्रत्येक भाग विषारी, बिया तर सर्वांत वाईट. यकृत निकामी होऊन कुत्रं दगावू शकतं. कुंडीवर चिठ्ठी असते ती फक्त किमतीची. महामार्गाच्या दुभाजकात कण्हेर लावतात, कारण गुरं तिला तोंड लावत नाहीत. रस्ता बांधणाऱ्याला जे कळतं ते झाड विकणाऱ्याने चार शब्दांत लिहू नये?

मनीप्लांट फेकून द्या असं मी म्हणत नाही. उंच टांगा, लोंबत्या वेली छाटा. छाटलेलं जिन्याखाली टाकू नका, तिथे झोपणारी भटकी कुत्रीही कुत्रीच आहेत. पिल्लाने पान चावलंच तर तोंड पाण्याने धुवा, ओकारीसाठी मीठपाणी पाजू नका, आणि जनावरांच्या डॉक्टरकडे जाताना ते पान पिशवीत घालून न्या. "काहीतरी हिरवं खाल्लंय" एवढ्यावरून त्यांनी काय ओळखायचं?

नातेवाइकांपैकी ज्यांनी नुकतंच पिल्लू आणलंय, त्यांनी हे आपल्यालाच उद्देशून आहे असं समजावं. टीव्हीशेजारचा सागो पाम मी गेल्या भेटीत पाहिलाय.